दुंगूच्या पात्रात दहा महिने

पोर्ट बेल, व्हिक्टोरिया सरोवर. 14 मार्च 1939, सकाळ

मोबाइल खिशातच राहू द्या. आकाशात अजून एकही उपग्रह नाही, त्यामुळे नकाशावरचा तो निळा ठिपका आज उगवायचा नाही. आपण कुठे आहोत हे शोधायचं काम 1939 मध्ये माणसं करतात. त्यांच्याजवळ होकायंत्र, घड्याळ, पट्टी, पेन्सिल आणि कानाला लावलेला रेडिओ असतो. ही माणसं आज चुकणार आहेत. तुम्हाला ते ठाऊक आहे, पण बोलायचं नाही, या एकाच अटीवर तुम्हाला इथे सोडलंय.

धक्क्यावरून लाँच सुटते. सरोवरावर चिलटांचे थवे उभे आहेत, तोंड मिटून घ्या. समोर पाण्यावर इंपीरियल एअरवेजची कॉर्सेअर डोलते आहे. हे विमान आहे हे आधी पटतच नाही, कारण त्याला चाकं नाहीत. नाकापासून शेपटीपर्यंत 88 फूट, पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत 114 फूट, त्यावर ब्रिस्टल पेगॅसस जातीची चार इंजिनं. पोट सरळ पाण्यात बुडालेलं. इंग्लंडमध्ये मेडवे नदीच्या काठी, रोचेस्टरला, शॉर्ट ब्रदर्सच्या कारखान्यात आर्थर गूज यांनी या उडत्या बोटींचा आराखडा केला. नमुन्याचं विमान उडायची वाट न बघता इंपीरियल एअरवेजने नुसत्या कागदावरून 28 बोटी मागवल्या. सगळ्यांची नावं 'सी' या अक्षरावरून.

दारातून आत शिरताना वाका. आत मात्र ऐसपैस आहे. पुढे सिगारेट ओढणाऱ्यांची केबिन आहे, मागच्या केबिनमध्ये खिडक्यांच्या कडेने कोपर टेकवायला कठडा आहे. तिथे उभं राहून खाली आफ्रिका बघत बसायची. तुमचे सहप्रवासी डर्बनहून निघालेत आणि साउथॅम्प्टनला चाललेत. वाटेत रोज चार-पाच वेळा बोट कुठल्या तरी नदीवर, तळ्यावर किंवा खाडीत उतरते, तेल भरते आणि पुन्हा उडते.

वरच्या मजल्यावर टपालाच्या थैल्या आहेत. ही बोट खरी त्यांच्यासाठी आहे. दीड पेनीच्या तिकिटात अर्ध्या औंसाचं पत्र विमानाने जावं, ही ब्रिटिश सरकारची योजना 1937 मध्ये या मार्गावर सुरू झाली आणि 1938 च्या फेब्रुवारीत हिंदुस्थानात पोहोचली. याच जातीच्या बोटी कराचीला टपाल आणतात आणि तिथून टाटांची छोटी विमानं ते मुंबईला नेतात. कराचीच्या पुढे कलकत्त्याकडे जाताना बोटी शिंद्यांच्या ग्वाल्हेरजवळ माधोसागरातही उतरतात. विमानतळ बांधायला नको, जिथे पाणी तिथे मुक्काम. या बोटींचा सगळा तोरा या एका वाक्यावर उभा आहे.

इंजिनं गरजतात. खिडकीवर पाण्याची जाड चादर चढते आणि काही क्षण बाहेरचं काहीच दिसत नाही. मग पोट पाण्यावर येतं, थरथर वाढते आणि एकाएकी थांबते. तुम्ही उडालात.

जूबाच्या वाटेवर

पुढचा थांबा सुदानमधलं जूबा, नाईलच्या काठी. अंतर पाचशे किलोमीटरच्या थोडं वर, म्हणजे दोनेक तासांची वाट. स्टुअर्ड कप भरून जातो. कठड्याला टेकून तुम्ही खाली बघता. हिरवं युगांडा हळूहळू पिवळं होत जातं. कोरडा ऋतू संपत आलाय, गवताला लागलेल्या वणव्यांचे काळे पट्टे दिसतात आणि धुराने क्षितिज पुसल्यासारखं झालंय.

कॅप्टन आहेत अल्कॉक. 1919 मध्ये साथीदार ब्राउनबरोबर न थांबता अटलांटिक ओलांडणाऱ्या सर जॉन अल्कॉक यांचे हे भाऊ. अशा आडनावाच्या माणसाच्या विमानात बसल्यावर प्रवासी निर्धास्त असतात.

वर कॉकपिटमागे रेडिओ ऑपरेटर गोल अँटेना फिरवतोय. जूबाचा संदेश ऐकायचा, अँटेना फिरवत आवाज सर्वांत बारीक कुठे होतो ते पकडायचं आणि त्यावरून दिशा काढायची. यंत्र नीट असेल तर ही पद्धत उत्तम. आज ते यंत्रच सदोष आहे. ते चुकीची दिशा दाखवतंय आणि बोट पश्चिमेकडे सरकत चालली आहे. परतल्यावर नकाशा उघडून बघा. पोर्ट बेलपासून जूबा जेवढं लांब, जवळपास तेवढंच काँगोमधलं फाराजे आहे. फरक फक्त दिशेचा आहे, सुमारे 27 अंशांचा.

दोन तास होऊन जातात. नाईल दिसायला हवी होती. तिच्याऐवजी तुरळक झाडांचा माळ आणि त्यातून वळणं घेत जाणारे ओढे दिसतात. स्टुअर्डचं हसू तसंच आहे, पण तो आता दर थोड्या वेळाने वर जाऊन येतो. बोट वळते, पुन्हा वळते. सहप्रवासी घड्याळ बघतात आणि एकमेकांकडे बघायचं टाळतात. टाक्यांमधलं तेल तळाला लागलंय. जमिनीवर उतरणाऱ्या विमानाला निदान एखादं मोकळं शेत चाललं असतं. या बोटीला पाणीच हवं, आणि खाली मोठं पाणी कुठेच नाही.

मग एक नदी दिसते. अरुंद आणि तपकिरी, दोन वळणांच्या मध्ये थोडीशी सरळ. अल्कॉक बोट खाली घेतात. पट्टा बांधा, पाय रोवा. झाडांचे शेंडे खिडकीच्या बरोबरीला येतात, पोट पाण्याला लागतं, वेग उतरू लागतो आणि तुम्हाला वाटतं, जमलं. तेवढ्यात पायांखालून धातू फाटल्याचा आवाज येतो. पाण्याखालच्या खडकाने तळ चिरलाय. अल्कॉक थांबत नाहीत. ते इंजिनं पुन्हा वाढवतात आणि बुडायच्या आत बोट काठच्या चिखलात नेऊन घालतात. पाणी तुमच्या घोट्यांपर्यंत येतं आणि तिथेच थांबतं.

सगळे जिवंत आहेत. नदीचं नाव दुंगू आणि मुलूख बेल्जियन काँगो. जूबा इथून ईशान्येला सुमारे 240 किलोमीटरवर राहिलंय.

फाराजे, नदीकाठी

पुढचं पटकन उरकतं. काठावर माणसं जमतात, बेल्जियन अधिकारी येतात, प्रवाशांना मोटारींतून जूबाकडे रवाना करतात. त्यांच्यासाठी ही गोष्ट इथेच संपते. वर्तमानपत्रांतही ती दोन-चार दिवसांत जुनी होते, कारण कोणी मेलेलं नाही. तुम्ही मात्र इथेच राहा. अपघात काही मिनिटांचा होता, तो निस्तरायला दहा महिने लागणार आहेत.

आधी आजूबाजूला बघून घ्या. काँगो म्हटलं की घनदाट जंगल डोळ्यांपुढे येतं, इथे तसं नाही. हा गवताळ माळ आहे, पुरुषभर उंचीच्या गवताचा. फाराजेच्या परिसरात मुख्यतः लोगो लोक राहतात, पश्चिमेला झांदे. शेतात कसावा आहे आणि तुमच्या ओळखीची नाचणीसुद्धा. याच नदीवर गांगाला-ना-बोदिओ इथे बेल्जियन सरकार आफ्रिकी हत्तींना माणसाळवून कामाला लावतं. या उएले प्रदेशात कापूस लावायचा की नाही हे शेतकऱ्याच्या हातात नाही. सरकारने सांगितला तेवढा लावावाच लागतो. उद्यापासून या माणसांना आणखी एक काम मिळणार आहे आणि त्याचा त्यांच्या पोटापाण्याशी काडीचा संबंध नाही.

ही बोट सोडून का देत नाहीत, असं तुम्हाला वाटेल. 1939 सालचा हिशेब बघा. जानेवारीत याच वर्गातली कॅव्हेलियर अटलांटिकमध्ये बुडाली. मे महिन्यात चॅलेंजर मोझांबिकच्या बंदरात नष्ट होणार आहे, जूनमध्ये सेंच्युरियन कलकत्त्याला हुगळीवर. एकेक बोट चाळीस हजार पौंडांच्या घरातली आहे, कारखाना आता लष्करी कामात गुंतलाय आणि युद्ध येणार याची कुणकुण सगळ्यांना आहे. चिखलात का असेना, कॉर्सेअर अजून शाबूत आहे. तिला तिथून काढायचं ठरतं.

पोटातला उकाडा

रोचेस्टरहून शॉर्ट ब्रदर्सचे कारागीर येतात. मेडवेकाठचा गारठा अंगात मुरलेली ही माणसं पहिल्याच आठवड्यात उन्हाने आणि डासांनी हैराण होतात. अठरा टन वजन पेलून उडणारी बोट चिखलातून वर काढायची, फाटलेला तळ कापायचा, नवा पत्रा बसवायचा. इथे ना गोदी, ना क्रेन, ना वीज. सुट्या भागांना इंग्लंडहून यायला कित्येक दिवस लागतात.

तुमच्याही हाताला काम हवं. आत जा. बोटीच्या पोटात आडवं व्हा आणि हा लोखंडी ठोकळा धरा. बाहेर कारागीर पत्र्याच्या भोकात रिव्हेट घालून हातोडा मारेल, त्या वेळी आतल्या टोकावर ठोकळा घट्ट दाबून धरायचा म्हणजे ते टोक चेपून फुलतं आणि पत्रा पकडतं. ठोकळा केसभर सरकला तर रिव्हेट वाकडं बसतं, ते ड्रिलने काढायचं आणि पुन्हा घालायचं. ऊन लागून पत्रा एवढा तापलाय की उघडी पाठ टेकवता येत नाही. घाम डोळ्यांत जातो, पुसायला हात मोकळा नाही. प्रत्येक घाव दातांत जाणवतो. एक झालं की पुढचं. पाणी आत येऊ द्यायचं नसेल तर ओळीतलं एकही रिव्हेट सैल राहून चालत नाही.

एप्रिलपासून पाऊस सुरू होतो आणि दुंगू चढू लागते. हे सोयीचंच आहे, उडायला खोल पाणी हवं. जुलैत बोट तयार होते आणि अल्कॉक परत येतात.

काठावर उभे राहून बघा. उतरण्यात आणि उडण्यात किती फरक आहे ते आत्ता कळेल. उतरताना पाण्याला लागताच वेग आपोआप मोडतो, थोडक्या पाण्यातही निभावतं. उडताना आधी पाण्याची पकड सोडवायची. नाक वर, मग पोट हळूहळू पाण्यावर, मग लांब धाव, आणि तेवढा वेळ पंखांची दोन्ही टोकं झाडांपासून वाचवायची. त्यात हवा गरम, म्हणून विरळ. फाराजे समुद्रसपाटीपासून कित्येक शे मीटर उंचावर असल्याने ती आणखी विरळ. पंखांना उचल कमी मिळते, धाव वाढते, नदीचं वळण मात्र होतं तिथेच असतं.

कॉर्सेअर धाव घेते. पाणी दोन्ही काठांवर आदळतं. आणि पुन्हा तोच आवाज. खडक लागलाय, तळ फाटलाय, चार महिन्यांची मेहनत काठाला जाऊन रुतली आहे. तुमच्याशेजारी उभा असलेला कारागीर टोपी काढतो, कपाळ पुसतो आणि काही न बोलता हत्यारांच्या पेटीकडे चालू लागतो.

कॉर्सेअरव्हिल

दुसरी तुकडी येते ती इंपीरियल एअरवेजचे इंजिनिअर ह्यू गॉर्डन यांच्या हाताखाली. एवढ्यात सप्टेंबर उजाडतो आणि ब्रिटन युद्धात उतरतं. नोव्हेंबरमध्ये नव्या कायद्याने इंपीरियल एअरवेज आणि ब्रिटिश एअरवेज एकत्र येऊन बी.ओ.ए.सी. स्थापन होते. कॉर्सेअर चिखलातून निघेपर्यंत तिचे मालकसुद्धा बदलू लागलेत.

दरम्यान वेळापत्रक उलटं झालंय. डागडुजी पुरी होईल तेव्हा पावसाळा सरलेला असेल आणि दुंगू आटू लागलेली असेल. जुलैच्या भरलेल्या पाण्यात खडक लागला, मग जानेवारीत काय होणार? विमान नदीजोगतं करण्याचे उपाय संपलेत. आता नदी विमानाजोगती करायची. खालच्या बाजूला बांध घालून पाणी तुंबवायचं, खडकांवर पुरेसं पाणी चढवायचं आणि धावेपुरतं तळं तयार करायचं, असं ठरतं.

आता तुमची खरी परीक्षा. गवत कापून रस्ता करायचाय, लाकूड तोडून आणायचंय, दगड-माती वाहायची आहे. काम करणारे शेकडो हात इथलेच. रांगेत उभे राहा. पुढच्याने दिलेला दगड घ्या, मागच्याकडे द्या. पाणी सुरुवातीला गुडघ्यापर्यंत, मग मांडीपर्यंत येतं आणि प्रवाह पायाखालची वाळू काढून नेतो. बांध दोन्ही काठांकडून पुढे सरकतो, आणि तो जितका पुढे सरकतो तितकी मधली फट अरुंद होते आणि पाण्याचा जोर वाढतो. शेवटची दहा पावलं पहिल्या शंभरांपेक्षा महाग पडतात.

नदीकाठी झोपड्या वाढल्यात. साहेबांच्या, मुकादमांच्या, कामकऱ्यांच्या. चुली पेटतात, बाजार भरतो, भाषा एकमेकींत मिसळतात. वस्तीला नाव पडलंय कॉर्सेअरव्हिल. एका बंद पडलेल्या विमानाभोवती गाव उभं राहिलंय आणि विमान गेल्यावर त्याला तिथे राहायचं काही कारण उरणार नाही.

दगड देता-घेता मुंबईची आठवण येईल. काही वर्षांपूर्वी आपल्याकडे अडचण नेमकी उलटी होती. 1932 मध्ये टाटांनी टपालसेवा सुरू केली तेव्हा जुहूचं मैदान म्हणजे चिखलाचा सपाट तुकडा होता, पावसाळ्यात भरतीच्या वेळी समुद्राच्या पातळीखाली जाणारा. मग विमानं, वैमानिक आणि मेकॅनिक असा सगळा संसार उचलून पुण्याला जायचा, येरवडा तुरुंगाजवळच्या मैदानात. जुहूला दर पावसाळ्यात जमीन पाण्याखाली जाई, दुंगूला कोरड्या दिवसांत पाणी नाहीसं होतं. दोन्हीकडे विमानं नवी होती आणि त्यांना उतरवून घ्यायचा बंदोबस्त हातांनी करावा लागत होता. चाकं नसली म्हणजे हे काम टळतं, हा बोटवाल्यांचा समज होता.

6 जानेवारी 1940

आज सुकाणूवर जॅक केली-रॉजर्स आहेत. आयर्लंडचा हा माणूस गेल्याच ऑगस्टमध्ये कॅरिबू बोटीतून अटलांटिक ओलांडून टपाल घेऊन गेला. दोन वर्षांनी तो चर्चिलना बर्म्युडाहून इंग्लंडला आणणार आहे. त्याला यातलं काही सांगू नका, अट लक्षात आहे ना?

बोट हलकी केली आहे. खुर्च्या, सामान, जे काढता येईल ते काढलंय, तेल जेमतेम लागेल तेवढंच. बांधामागे पाणी भरलंय आणि जिथे गेल्या खेपेला फेस उसळत होता तिथे आता संथ तपकिरी पाणी आहे. एवढं संथ पाणीही अडचणीचंच, कारण लाटा नसल्या की पोट पाण्याला चिकटून राहतं.

चारही इंजिनं पूर्ण जोरात. बोट तुमच्यासमोरून जाते, आधी पाण्यात रुतलेली, मग उठलेली, मग नुसती टेकलेली. वळण जवळ येतंय. कोणी ओरडत नाही, इंजिनांपुढे ओरडणं ऐकूही येणार नाही. मग पोटाखाली उजेडाची फट दिसते. बोट उचलते, झाडांवरून जाते, आणि मागे राहतो तो पाण्याचा हेलकावा. तो पसरत येऊन बांधावर आपटतो. बांध धरतो.

आता काठावर आरडाओरडा सुरू होतो. पुढच्या आठवड्यापासून इथे काम असणार नाही.

त्यानंतर

कॉर्सेअर इंग्लंडला पोहोचली, सगळं युद्धभर बी.ओ.ए.सी.च्या सेवेत राहिली आणि 1947 मध्ये मोडीत निघाली. त्या वर्गातली एकही अखंड बोट आज कुठल्या संग्रहालयात नाही. त्यांना शत्रूपेक्षा सिमेंटने संपवलं. युद्धाच्या गरजेपोटी जगभर लांब पक्क्या धावपट्ट्या बांधल्या गेल्या आणि शांतता आल्यावर चाकांच्या विमानांना त्या आयत्या मिळाल्या. पाण्यावर उतरण्यात मग काही फायदा राहिला नाही. धावपट्टी वाचवणाऱ्या बोटीला धावपट्टी लागतेच, फक्त ती पाण्याची असते आणि वेळ पडली तर ती कोणाला तरी बांधावी लागते, हे दुंगूवर सात वर्षं आधीच दिसून आलं होतं.

पुन्हा जायची संधी मिळाली तर कॉकपिटमधली जागा मागू नका. अल्कॉकनी काय केलं, केली-रॉजर्सनी काय केलं, ते लिहिलेलं आहे. मार्च 1939 मध्येच दुंगूच्या काठी उतरा आणि तिथे मासे धरणाऱ्या एखाद्या लोगो माणसाला गाठा. बोट दोनदा फुटली ती पाण्याखालच्या खडकांवर. कोरड्या दिवसांत ते खडक उघडे पडतात, आणि जन्मभर त्या पाण्यात पाय असलेल्या माणसाला ते कुठे आहेत हे तोंडपाठ असणार. त्याला ते कोणी आधी विचारलं का, एवढं एकच विचारून या.